बाळाच्या गोधडीला पट्टी लावताना

मधले धावदोरे घालून झाले की गोधडी झालीच असं वाटतं आणि मग खूप जण काठाला भराभर एक पट्टी मारून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. बाळाची गोधडी आधी विरते ती काठालाच, बाळ तिथेच धरून ओढणार, तोच काठ तोंडात घालणार, वर सारखं धुणं आहेच, मग काठ पक्का नको का?

म्हणून मी डबल पट्टीच लावते. अडीच इंच रुंद सुती पट्टी, उभी अर्धी दुमडून इस्त्री केलेली, म्हणजे कडेवर कापडाचे दोन थर येतात आणि वरचा झिजला तरी आतला टिकतो. ३६ बाय ३६ इंचाची गोधडी असेल तर चारी बाजूंचे १४४ इंच आणि कोपरे नि शेवटचा जोड यासाठी वर १०-१२ इंच धरायचे. पट्ट्यांना जोड तिरकाच द्या, सरळ दिला की सगळी जाडी एका जागी येऊन ढेकूळ होतं. उरेब, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली पट्टी कोपरे गोल असतील तरच, चौकोनी गोधडीला सरळ कापलेली छान चालते, उरेबला कापडही जास्त जातं आणि शिवताना ती ताणली जाते ते वेगळंच.

कोपरा हा माझा सगळ्यात आवडता भाग. पट्टीच्या उघड्या कडा गोधडीच्या पुढच्या बाजूला काठाशी जुळवून पाव इंच आत शिलाई मारत यायचं, कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबून टाका पक्का करायचा, मग पट्टी सरळ वर दुमडायची म्हणजे ४५ अंशाची तिरकी घडी पडते, ती बोटाने दाबून धरायची आणि पट्टी परत खाली पुढच्या कडेवर आणायची, वरची घडी आधीच्या कडेशी अगदी जुळली पाहिजे, आणि तिथूनच पुढची शिलाई सुरू. पट्टी मागे वळवली की कोपऱ्यात तिरकी रेघ आपोआप बसते, इतकी सुबक दिसते ना!

मागची बाजू मात्र हाताने, बारीक तुरपाई. मशीनने पटकन होतं, मान्य, पण हाताची तुरपाई पुढून दिसत नाही आणि काठ मऊ राहतो. टाके जवळजवळ, गाठ पट्टीच्या आत लपवलेली आणि दोऱ्याचं टोक कुठेही लोंबतं ठेवायचं नाही, कारण सुटा दोरा बाळाच्या इवल्याशा बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडू शकतं. गोंडे, मणी, बटणं तर काठाला नकोतच, कितीही गोड दिसू देत.

आणि गोधडी कोणाला देणार असाल तर एवढं नक्की सांगा की वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना ही अंगावर किंवा शेजारी ठेवायची नाही, जमिनीवर पसरून जागं बाळ खेळवायला वापरायची. देण्याआधी मी ती एकदा धुते आणि वाळली की सगळ्या काठावरून बोट फिरवते, सैल टाका असेल तर तो धुतल्यावरच हाताला लागतो, तेवढा परत घातला की झालं.