हौशी नाट्यसंस्थेचे नाव आणि तिचा प्रेक्षक

नाटकाला चला, असे कुणाला म्हटले की पहिला प्रश्न येतो, "कुणाचं आहे?" व्यावसायिक नाटकाच्या बाबतीत या प्रश्नाला एखाद्या नटाचे किंवा नटीचे नाव सांगून भागते. हौशी मंडळींकडे तसे नाव नसते, सांगण्याजोगे असते ते फक्त संस्थेचे. तरीही ते ठेवताना प्रेक्षकाचा विचार क्वचितच होतो, याची मला मनापासून खंत वाटते.

१९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेच्या कोणत्याही केंद्राचे वेळापत्रक वाचून पाहावे. 'बहुउद्देशीय', 'शैक्षणिक, क्रीडा व सांस्कृतिक' अशी विशेषणे लावलेली लांबलचक नावे त्यात हमखास आढळतात, कारण संस्थेची नोंदणी करताना सगळी उद्दिष्टे नावातच बसवण्याचा प्रयत्न झालेला असतो. कागदोपत्री त्यात काही वावगे नाही. पण तिसरी घंटा झाल्यावर निवेदक अंधारात ते नाव एका दमात वाचतो, तेव्हा स्पर्धकांचे नातलग सोडले तर सभागृहातल्या कुणाच्याही ते लक्षात राहत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला कला, रंग, नाट्य, सृजन या शब्दांच्या अदलाबदलीतून तयार झालेली नावे असतात. ती ऐकायला गोड असतात, मात्र इतकी सारखी की नाटक आवडलेला माणूस दुसऱ्या दिवशी कचेरीत ते कुणी केले हे सांगताना अडखळतो.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले आणि पुढे सांगलीकर, इचलकरंजीकर अशी गावांची नावे लावून नाटक मंडळ्या फिरू लागल्या. मंडळी कुठली हे परगावच्या प्रेक्षकाला नावावरूनच कळत असे. आजच्या हौशी संस्थेला हाच मार्ग सर्वांत सोपा आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण तालुक्याच्या गावात आपल्या गावचे नाटक म्हणून येणारा प्रेक्षक अजून शिल्लक आहे. व्यक्तीच्या नावाचेही असेच होऊ शकते. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, तरी त्यांच्या नावाची मंडळी पुढे चालली. १९१३ मध्ये बालगंधर्व तिच्यातून बाहेर पडले, तेव्हा नव्या मंडळीला लोकांच्या तोंडी आधीच रुळलेले 'गंधर्व' हे नाव मिळाले.

नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही पुरावा आहे, आणि तो भक्कम आहे. 'दि गोवा हिंदु असोसिएशन' या नावात नाटकाचा मागमूस नाही, पण 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि १९७० मध्ये 'नटसम्राट' याच संस्थेने रंगमंचावर आणले. पुण्यात १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' आले ते प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या नावावर. त्याचे प्रयोग थांबल्यावर बाहेर पडलेल्या कलावंतांनी थिएटर अकादमी स्थापन केली आणि त्याच नाटकाचे प्रयोग नव्या नावाखाली पुन्हा सुरू केले. इंग्रजी आणि सर्वस्वी नवे नाव असूनही प्रेक्षक आले, ते नाटकासाठी.

या उदाहरणांवरून मला असे वाटते की पहिल्या नाटकाला प्रेक्षक नाटकामुळे, विषयामुळे किंवा ओळखीपाळखीमुळे येतो आणि नावाचा उपयोग सुरू होतो तो दुसऱ्या नाटकापासून. पहिले आवडलेला माणूस जाहिरातीत तेच नाव शोधतो. त्याला ते आठवले आणि सापडले, तरच आधीच्या मेहनतीचे फळ संस्थेच्या पदरात पडते. म्हणूनच दरवर्षी वेगळ्या मंडळाच्या नावाने स्पर्धेत उतरणारे संच पाहिले की हळहळ वाटते, कारण कलाकार तेच, दिग्दर्शक तोच, आणि तरीही प्रत्येक वेळी प्रेक्षक शून्यापासून जमवावा लागतो.

नोंदणीचे लांब नाव प्रवेशअर्जावर राहू द्यावे. प्रयोगाच्या फलकावर, तिकिटावर आणि शक्य तिथे निवेदनातही दोन शब्दांचे, गावाचा उल्लेख असलेले नाव वापरावे, आणि नाटक पडले तरी पुढच्या वर्षी तेच कायम ठेवावे.