लादी वितळली तेव्हा

एप्रिलमधली सकाळची शाळा. सातवीच्या वर्गात हिमनद्यांवर पोसणाऱ्या नद्यांबद्दल सांगत होतो. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या नद्या हिवाळ्यात गोठतात आणि ऊन तापलं की फुगतात, असं म्हणालो, तशी मागची एक मुलगी उभी राहिली. "मग सर, तिथले लोक डांगर कुठी लावतेत?"

तिच्या घरची डांगरवाडी वैनगंगेच्या रेतीत असते. उन्हाळ्यात भरणारी नदी तिनं कुठे पाहिलेली? मला ती शंका फार आवडली.

दुसऱ्या दिवशी बर्फगोळेवाल्याकडून अर्धी लादी आणली. मुलांनी मैदानात रेतीचा ढीग रचला, वर माती पसरून लादी ठेवली आणि दोन चर काढले. लादी म्हणजे युकॉनमधली कास्कावुल्श हिमनदी. एक चर स्लिम्स नदीचा. तिचं पाणी सुमारे २४ किलोमीटरवरच्या क्लुआनी सरोवरात आणि पुढे युकॉन नदीतून बेरिंग समुद्रात जाई. दुसरा अल्सेक नदीकडचा. तिकडून समुद्र जवळ, म्हणून तो चर जास्त उताराचा ठेवला.

थोड्या वेळात दोन्ही चर वाहू लागले. पाणी मातकट का, असं एकानं विचारलं. हिमनदी सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळते, त्या पिठानं तिथल्या नद्याही अशाच गढूळ असतात.

मग लादी आटून मागे सरली आणि स्लिम्सचा चर कोरडा पडला. "बर्फ तर हाये, मग पानी काहून नाही?" मुलांना वाटलं, आपलंच काही चुकलं.

२०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस तिथे हेच घडलं होतं. हिमनदी मागे हटली, वितळत्या पाण्यानं बर्फातून नवी घळ कापली आणि स्लिम्सचं पाणी अल्सेककडे वळलं. काही दिवसांतच नदी जवळजवळ संपली. पात्रातून धुळीची वादळं उठू लागली, क्लुआनीची पातळी उतरली. एका नदीनं दुसरीचं पाणी असं ओढून घेणं, याला भूगोलात नदीचौर्य म्हणतात. फळ्यावर हा शब्द मी कित्येकदा लिहिला असेन. त्या दिवशी मुलांनी तो डोळ्यांनी पाहिला.

बाकीचे वर्गात गेले, ती मुलगी तिथेच बसली होती. तिनं उताराच्या चरात ओंजळभर रेती टाकली. पाणी थांबलं, साचलं, आणि रेती फोडून पुन्हा तिकडेच गेलं.