रोममधल्या दगडी शवपेट्या: आधी समोरून, मग बाजूने

तेर्मिनी स्टेशनातून बाहेर पडलं की पालात्सो मास्सिमो हे संग्रहालय पाच मिनिटांच्या चालीवर आहे. सोमवारी बंद असतं, ते धरूनच बेत आखा. आम्ही सकाळी दार उघडताच आत गेलो आणि थेट पोर्तोनाच्योच्या शवपेटीपुढे थांबलो.

इ. स. १८०च्या सुमाराची ही संगमरवरी पेटी १९३१ साली रोमच्याच पोर्तोनाच्यो भागात सापडली. दर्शनी बाजूवर तुंबळ लढाई कोरलीय. घोडे, ढाली, एकमेकांवर कोसळलेली माणसं; बोटभर जागा रिकामी नाही. आणि ऐन मध्यभागी घोड्यावर बसलेल्या सेनापतीला चेहराच नाही! झाकणावर पती-पत्नी हातात हात घेऊन उभे आहेत, त्यांचीही तोंडं कोरी. "तुटलंय का गं?" नवऱ्याने विचारलं. तुटलेलं नाही, घडवायचं राहिलंय. गिऱ्हाइकाचा चेहरा कारागीर शेवटी कोरत. इथे ते शेवटचं काम झालंच नाही. माझा पाय तिथून निघेना.

दुसऱ्या शतकात रोमन लोक दहनाकडून दफनाकडे वळले आणि या पेट्यांचा धंदा फोफावला. आजच्या तुर्कस्तानातल्या मार्मारा समुद्रात प्रोकोनेसोस बेटावर खाणीतच दगड आतून पोखरून हलका करत, मग तो जहाजाने निघे. इटलीच्या दक्षिणेला सान पिएत्रो इन बेवान्याजवळ अशाच पेट्यांचं एक जहाज बुडालं; त्यातल्या २३ अर्धवट घडवलेल्या पेट्या उथळ पाण्यात सापडल्या. जागा वाचवायला लहान पेट्या मोठ्यांच्या पोटात ठेवलेल्या.

आता पेटीच्या बाजूला जा. तिथे कोरीवकाम एकदम उथळ होतं. रोममध्ये पेटी बहुधा भिंतीला टेकवून ठेवत, म्हणून पाठ कोरी आणि बाजूंवर मेहनत कमी. अथेन्सचे कारागीर मात्र चारही बाजू कोरत. केसांच्या बटा जवळून बघा, गिरमिटाने ओळीने पाडलेली भोकं स्पष्ट दिसतात.

दुपारी ६४ नंबरच्या बसने पियात्सा नावोनाकडे जाऊन पालात्सो आल्तेम्प्स हे दुसरं संग्रहालय गाठा. दोन्हींचं एकत्र तिकीट मिळतं, तेच घ्या. तिथल्या लुदोविसी शवपेटीवरही लढाईच कोरलीय; ती तिसऱ्या शतकातली, प्रोकोनेसोसच्याच संगमरवराची. सकाळची पेटी डोळ्यांत ताजी असतानाच ती बघायला हवी, म्हणून दोन्ही एकाच दिवशी करा. इथल्या सेनापतीला चेहरा आहे. गर्दीच्या वर उजवा हात पसरून तो घोड्यावर बसलाय, आणि त्या हातात शस्त्र नाही.