जळमटं

अँडरलेख्त हा ब्रसेल्सचा काही फार देखणा भाग नाही. मिडी स्टेशनवरून चालत गेलं की एका साध्याच रस्त्यावर कान्तियों ब्रुअरीचं दार लागतं, दुपारी सहज म्हणून शिरलो आणि बिअर राहिली बाजूला, नजर अडकली ती जळमटांवर. पिंपांच्या रांगांमध्ये, तुळयांना, कोपऱ्याकोपऱ्यात, मनसोक्त. कुणी काढत नाही, कारण बिअरमध्ये मुरवायला फळं आली की मागोमाग चिलटं येतात, आणि चिलटं खायला कोळी लागतात.

आमच्या आईला दाखवायला हवं होतं हे. दिवाळीच्या आधी एका रविवारी बाबा डोक्याला पंचा गुंडाळून स्टुलावर, हातात लांब काठीला बांधलेला झाडू, आणि आई खालून, "पंख्याच्या मागे राहिलंय बघा!" मी स्टूल धरायला. एखादा लंबूटांग कोळी पळत फोटोमागे शिरायचा, मला दिसायचा, पण मी सांगायचो नाही. अजूनही कोळी मारवत नाही मला, घरात त्यावरून बोलणी खातो.

तर कान्तियों. 1900 मध्ये पॉल कान्तियों आणि मारी ट्रॉख या नवराबायकोनं सुरू केलं, पण तेव्हा ते स्वतः बनवत नव्हतेच, दुसऱ्यांकडून लॅम्बिक (हवेतल्या यीस्टनं आपसूक आंबणारी इथली आंबट बिअर) आणायचं, मुरवायचं, जुनं-नवं मिसळून विकायचं. बनवायला लागले ते 1938 च्या सुमारास, मार्सेल आणि रॉबेर ही मुलं हाताशी आल्यावर, आणि लगेच युद्ध! पुढे मार्सेलच्या जावयानं, जाँ-पिएर वान रॉयनं सगळं सांभाळलं (सासऱ्याचा धंदा चालवणारा जावई म्हटलं की आपल्याकडे काय काय बोलतात ते सांगायला नकोच). लोकांना गोड बिअर हवी होती, शहरातल्या लॅम्बिकवाल्या एकेक करून बंद पडत होत्या, तर यानं 1978 मध्ये चालू ब्रुअरीचंच म्युझियम करून टाकलं. आता त्याचा मुलगा जाँ बघतो.

वर छपराखाली तांब्याचा उथळ हौद आहे, साडेसात हजार लिटरचा. गहू आणि बार्लीचा उकळलेला रस त्यात रात्रभर उघडा, झडपाही उघड्या, हवेतून जे यीस्ट येऊन पडेल ते. आपण विरजण तरी लावतो, इथे तेही नाही. मग लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षं, आणि तिन्ही वयांचं मिसळून गूझ. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, दुसऱ्याला कमी, आणि तिसऱ्यानंतर मी ग्लास कुणाला देईना.

फक्त रात्र थंड हवी, म्हणून हे काम हिवाळ्यातच. 2015 च्या नोव्हेंबरात एवढी ऊब होती की काम थांबवावं लागलं. मशीन लावून रस गार होईल हो, पण मग ती रात्रीची हवा कुठली, आणि लॅम्बिक तरी कुठलं? जाँच्या आजोबांच्या वेळी ऑक्टोबरच्या मध्यापासून थेट मेपर्यंत चालायचं. जाँनं एवढा लांब हंगाम आयुष्यात कधी पाहिलेला नाही.