वॉल्ट्झ डाव्या हाताचा

मंगळवार, ग्रात्झ (ऑस्ट्रिया)

आज बाईंनी अकॉर्डियनच्या शिकवणीत उजवा हात वाजवूच दिला नाही. पूर्ण वेळ डावाच, तोही वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या नाचाच्या ठेक्यावर. पहिल्या मात्रेला बेसचं, म्हणजे खर्जातल्या एका स्वराचं बटण, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला कॉर्डचं, म्हणजे एकत्र लागणाऱ्या स्वरांचं. एका बारमध्ये (तीन मात्रांच्या खंडात) बेस ‘सा’चा, पुढच्यात ‘प’चा. अकॉर्डियनच्या डाव्या बाजूला बेसची बटणं पंचमाच्या अंतराने एकावर एक लावलेली असतात. ‘सा’च्या डोक्यावर लगेच ‘प’, त्यामुळे बोटाला फार हिंडावं लागत नाही. दोन बार मिळून सहा मात्रा. मी मनात त्याला आपला दादरा तालच म्हणतो. ‘सा’चा बार टाळीचा, ‘प’चा बार खालीचा, म्हणजे बिनटाळीचा. हे बाईंना सांगून उपयोग नाही, पण माझं काम भागतं.

हार्मोनियमवर वाढलेल्या माणसाला अवघड जातं ते पुढचं. आपल्याकडे डावा हात भाता हलवतो आणि उजवा सगळं नाव कमावतो. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही म्हणून खटके-मुरक्यांच्या झटपट नक्षीने जागा भरायची, हे घरच्या भजनांत लहानपणीच अंगात भिनलेलं. स्लोव्हेनियन वॉल्ट्झची चाल मात्र इतकी साधी असते की तिथे भरायला काही नसतंच. सगळा खेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेवरच्या कॉर्डची लांबी किती, यावर. बाई म्हणाल्या, “नाचणाऱ्याचा पाय पहिल्या मात्रेला जमिनीवर टेकतो. पुढच्या दोन मात्रांत त्याला वळायचं असतं. तू कॉर्ड धरून बसलास तर तो वळणार कसा?”

म्हणजे कॉर्ड लावायचा आणि लगेच सोडायचा. व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा किंचित आधी घेतात, तो थाट दरबारी. डोंगरातल्या गावांत नाच होतो खाणावळीच्या फरशीवर, पायांत जाड बूट घालून. तिथे ही नजाकत चालत नाही, मात्रा सरळ हवी.

शुक्रवार

मुद्दाम शहराबाहेरच्या एका द्राक्षमळ्यावर गेलो, कारण तिथे श्टायरिश हार्मोनिका, म्हणजे इथलं बटणांचं अकॉर्डियन, वाजवणारे येतात. हेच वाद्य सीमेपलीकडे स्लोव्हेनियात गेलं की फ्रायटोनारित्सा. माझ्या पियानोसारख्या पट्ट्यांच्या अकॉर्डियनवर भाता दाबा किंवा ओढा, पट्टी तोच स्वर देते. या वाद्यात एकाच बटणातून दाबताना एक स्वर निघतो, ओढताना दुसरा. दाबताना सा, ग, प आणि ओढताना रे, म, ध, नी, अशी साधारण विभागणी. ‘प’ दोन्हीकडे लागतो, म्हणून त्याच्यासाठी दोन्ही दिशांना एकच स्वर देणारं एक खास बटण ठेवलेलं असतं. डाव्या हातालाही तोच नियम. दाबलं की ‘सा’चा कॉर्ड, ओढलं की ‘प’चा.

याचा परिणाम असा की चाल जिथे वळते तिथे भात्याला वळावंच लागतं. वादकाची इच्छा असो-नसो. श्वास कुठे घ्यायचा हे चालीनेच ठरवून टाकलेलं असतं, आणि दर वळणावर जो बारीक झटका बसतो तोच नाचणाऱ्याला हवा असतो. सिरिल डेमियनने 1829 मध्ये व्हिएन्नात अकॉर्डियनचं पेटंट घेतलं, तेव्हाच्या वाद्यातही दिशा बदलली की आवाज बदलत असे. पुढे शहरी वाद्यं सुधारत गेली, दोन्ही दिशांना सारखी झाली. सुधारणा झाली खरी, पण त्यात श्वास गेला. पियानो अकॉर्डियनवर मला तो झटका जाणूनबुजून घालावा लागतो. भाता अजून पुरतो आहे, तरी मी तो परतवतो.

आणखी एक गंमत. या वाद्यात बटणांच्या ओळी मध्यमाच्या अंतराने लावतात. एक प्रचलित रचना आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एक, पांढरी चार, काळी पाच, म्हणजे त्या-त्या पट्टीला ‘सा’ धरून. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचा मध्यम. वॉल्ट्झच्या तिसऱ्या भागात पट्टी बदलते ती बहुतेक वेळा मध्यमावरच. मी समजत होतो की रचनाकारांना तो बदल आवडतो. आवडत असेलही, पण बोट शेजारच्या ओळीवर सरकवलं की तो फुकटात मिळतो, हेही खरं.

कानाला एक गोष्ट अजून रुचत नाही. प्रत्येक स्वराच्या रीड (आवाज देणाऱ्या धातूच्या पात्या) एकमेकींपासून जराशा हटवून लावतात, म्हणजे आवाज थरथरतो. आमच्या पेटीदुरुस्तीवाल्यांनी हे ऐकलं असतं तर वाद्य उघडून बसले असते.

रविवार, दुपार

जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकली. स्लाव्को आव्सेनिक (1929–2015) स्लोव्हेनियाचे अकॉर्डियनवादक, बेगुन्ये गावचे. 1953 साली त्यांनी वादकांचा गट सुरू केला आणि भाऊ विल्को यांनी वाद्यमेळ बांधला. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, अकॉर्डियन, गिटार, बॅरिटोन (खर्जातलं पितळी वाद्य). जगाला त्यांची ‘ना गोलित्सी’ ठाऊक आहे, पण ती पोल्का, म्हणजे दोन मात्रांचा नाच. मला त्यांचे वॉल्ट्झ जास्त भावतात.

नीट ऐकल्यावर दिसतं की या मेळात पहिली मात्रा बॅरिटोन देतो, दुसरी-तिसरी गिटार. चाल क्लॅरिनेट-ट्रम्पेटकडे. अकॉर्डियन मधल्या फटींत धावत्या सुरावटी भरतं. म्हणजे उजव्या हाताची चंगळ इथे आहे, पण ती परवडते ती दोन माणसं तळाची मजुरी करताहेत म्हणून. एकट्याने वाजवायचं तर माझ्या डाव्या हाताला बॅरिटोनही व्हायचं आहे आणि गिटारही. बाई डाव्या हातावर का अडून बसतात ते इथे कळतं.

लोय्झे स्लाक (1932–2011) हेही स्लोव्हेनियाचेच, दोलेन्स्का भागातले, मिर्ना पेचजवळचे. त्यांनी फ्रायटोनारित्सा सोडली नाही. त्यांचा ‘व दोलिनी तिही’ हा वॉल्ट्झ ऐकावा. गायकांचा श्वास आणि भात्याचा श्वास एकाच जागी पडतो. आव्सेनिक थोर, यात वाद नाही, पण मला शिकायला स्लाक बरे. आमच्याकडे अकॉर्डियन म्हटलं की एनॉक डॅनियल्स किंवा गुडी सीरवाई यांचे सिनेमातल्या गाण्यांमधले तुकडे आठवतात, म्हणजे पुन्हा उजवा हातच!

सोमवार

बाईंनी बव्हेरियातला झ्विफाखर हा नाच दाखवला. दोन बार वॉल्ट्झचे, लगेच दोन बार दोन-दोन मात्रांचे. तीन, तीन, दोन, दोन. दहा मात्रा. आपला दहा मात्रांचा झपताल नव्हे, खंड वेगळे पडतात. दुसऱ्या धुनेत क्रम निराळाच असतो आणि नाचणाऱ्यांना तो पाठ लागतो. जुने लोक पहिल्या दोन ओळींतच धून ओळखतात म्हणे. माझा ताल पक्का म्हणून मी लगेच होकार दिला, बाईंनी मात्र नोटेशन कपाटात परत ठेवलं. आधी पांढरी पाचमधला वॉल्ट्झ, तिसऱ्या भागात पांढरी एकवर जाणारा, फक्त डाव्या हाताने. चाल तोंडाने म्हणायची. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः टाळ्या न वाजवता नुसत्या नाचून बघणार आहेत.