डॉक्टरांना चारचौघांत उभं करून काय मिळतं?

हा प्रश्न आरोग्य खात्यातली माणसं विचारतात, नात्यातली विचारतात, आणि परवा माझ्या भाचीनं विचारला. ती एमबीबीएसला आहे. उद्या बंधपत्राच्या सेवेवर अशाच एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाईल आणि तिथल्या जनसुनवाईत, म्हणजे गावकरी दवाखान्याबद्दलच्या तक्रारी सगळ्यांसमोर मांडतात त्या सभेत, तिलाच उत्तरं द्यावी लागतील. तिचा प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून एकदा नीट लिहिते.

लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावानंच लक्ष ठेवणं, ही आमच्या संघटनेनं काढलेली कुरापत नव्हे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या आराखड्यातच ती आहे. २००७ साली महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत सुरुवात झाली, त्यात आमचं नंदुरबार होतं. गावानं बसून तक्ता भरायचा: नर्सताई येतात का, औषध मिळतं का, कुणी पैसे मागितले का. चांगल्याला हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. आणि मग जनसुनवाईत हे सगळं अधिकाऱ्यांसमोर मांडायचं. सरकारनं लोकांना विचारायला सांगितलं आणि लोक विचारतात, यात अपमान कुठे आला?

तरी अपमान होतो, हेही मला माहीत आहे. एका सुनावणीबद्दल सांगते.

एका पाड्यावरची मावशी आली होती. तिच्या सुनेला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं दवाखान्यात. बाळंतपण सुखरूप झालं, पण टाक्यांचा धागा आणि इंजेक्शनं बाहेरून आणायला लावली. २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण औषधांसकट मोफत आहे. घरी सोडायची गाडीसुद्धा मोफत आहे. मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आशाताईनं नंतर सांगितलं. मावशी पावरीत बोलत होती, आशाताई मराठीत सांगत होती. साहेबांनी विचारलं, "पुरावा आहे का?" मावशीनं पोलक्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत रेशनकार्ड, आणि रेशनकार्डात घडी घातलेलं मेडिकलचं बिल. ते तिनं टेबलावर ठेवलं आणि वरचा हात काढला नाही. साहेबांनी वाचायला मागितलं, तरी एका बोटानं ती कोपरा दाबून उभी होती.

डॉक्टर उठले. चेहरा उतरला होता. त्यांनी फाइल उघडली आणि मागणीपत्राच्या प्रती दाखवल्या: धागा मागितला होता, आलाच नव्हता. केंद्रात डॉक्टरांची दोन पदं, त्यांतलं एक रिकामं, रात्रंदिवस तेच एकटे. हे सगळ्यांसमोर बोलायची संधी त्यांना तोवर मिळाली नव्हती. त्या दिवशी उत्तर तालुक्याला द्यावं लागलं, आणि तालुक्यानं जिल्ह्याकडे बोट दाखवलं. मावशीचे पैसे परत मिळाले, साठाही आला. भाचीला मी हेच सांगते: प्रश्न खालून वर चढतो तो असा. बंद खोलीतल्या बैठकीत तो खालीच राहतो.

इथवरचं मी पूर्वी प्रत्येक प्रशिक्षणात सांगायचे आणि इथेच थांबायचे. पुढचं सांगितलं तर बायका बोलायला पुढे येणार नाहीत, असं तेव्हा मला वाटायचं. ते चूक होतं असं आजही म्हणवत नाही.

पावसाळ्यात मावशीच्या त्याच नातवाला ताप आला. दवाखान्यात केसपेपर काढताना कुणीतरी म्हणालं, "आता औषध जनसुनवाईतच मागा." हे डॉक्टर म्हणाले नव्हते, ते त्या दिवशी मीटिंगला गेले होते. मावशी वाद न घालता माघारी वळली आणि बाजाराच्या गावातल्या, डिग्री नसलेल्या डॉक्टरकडे गेली. त्यानं सलाईन लावलं आणि सुनावणीत परत मिळाले होते त्याहून जास्त पैसे घेतले. पोर वाचलं. मी भेटायला गेले तेव्हा मावशीनं चहा दिला, चौकशी केली. पुढच्या सुनावणीला येशील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही बोला ना. तुम्हाला कुठे तिथे बाळंतपण करायचंय."

डॉक्टरांच्या अपमानाची काळजी करणाऱ्यांनी या अपमानाबद्दल मला आजवर एकदाही विचारलेलं नाही. डॉक्टरची बदली होते. मावशीला दवाखाना तोच.

आता आमच्या देखरेख समितीत वाद चालू आहे. काही जण म्हणतात, तक्रार गावाच्या नावानं मांडा, बाईला उभं करू नका. मी विरोध करते, कारण नाव नसलेल्या तक्रारीला "मोघम आहे" असा शेरा मिळतो आणि ती बाजूला पडते. मग ते मला विचारतात, मावशीच्या घरी पुन्हा कोण जाणार? मागच्या बैठकीत यावर रात्र झाली. ठरलं एवढंच की तक्रार मांडणाऱ्या बाईसोबत पुढचे काही महिने समितीतल्या कुणीतरी दवाखान्यात जायचं. पाडे लांब आहेत, जाणारी माणसं थोडी आहेत, आणि पावसात ते कसं जमणार याचं उत्तर माझ्यापाशी नाही.