आमची वाटचाल : आधी पाणी, मग तारीख

मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे माडांचा चिंचोळा पट्टा. आमचं घर त्याच पट्ट्यात आणि पाहुण्यांना गळाने मासे पकडायला नेण्याचा आमचा व्यवसायही इथलाच. बाबांची छोटी होडी होती आणि गावाच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यात, वाटा होता. तारकर्लीला पर्यटक वाढले, मालवणात स्कूबा सुरू झालं, तेव्हा मुंबई-पुण्याकडचे काही पाहुणे स्वतःचे रॉड घेऊन येऊ लागले. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांवरून जमेल तसा गळ टाकायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतायचे. गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, आम्हाला लहानपणापासून येत होतं. मासा कुठे, कधी आणि कशाला लागतो हे सांगणारा माणूस त्यांना हवा होता. आमचा व्यवसाय तिथून सुरू झाला.

पहिली फायबर होडी कर्ज काढून घेतली. रॉड, रील, ब्रेडची म्हणजे विणलेली दोरी, पाण्यावर उडवायचा पॉपर आणि तळाशी सोडायचं जिग ही खोटी आमिषं, ही सगळी नवी विद्या पाहुण्यांकडूनच शिकलो. पाण्याची विद्या मात्र बाबांची. "आधी पाणी बघ, मगे होडी ढकल," हे त्यांचं म्हणणं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराला सुकती (ओहोटी). अमावास्या-पौर्णिमेला अकरा-सव्वाअकराला भरती, म्हणजे पहाटेच सुकती संपते आणि उजाडता उजाडता पाणी चढायला लागतं. आजही एखाद्या पाहुण्याचा फोन आला की मी आधी पंचांग बघतो, मग भरतीचं कोष्टक आणि वाऱ्याचा अंदाज.

खाडीतली गंमत या वेळांवरच चालते. सुकतीला कांदळवनातून कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर वाहते आणि मुळांच्या आडोशाला तांबोशी हा लालसर मासा वाट बघत असतो. चोणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, पाणी फिरण्याच्या सुमारास जास्त लागतो. तांबोशी लागली की थेट मुळांत घुसते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तिला रोखलं नाही तर दोरी तुटलीच. ती लहानपणी खाडीत वाढते आणि मोठी झाल्यावर बाहेर खडपांकडे, म्हणजे पाण्याखालच्या खडकांकडे, जाते. म्हणून कांदळवन तुटलं की खोल पाण्यातली तांबोशीही कमी होते, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

बाहेरच्या समुद्राचं गणित वेगळं. ऑगस्टमध्ये मासेमारीची पावसाळी बंदी उठते, पण पावसाचं गढूळ पाणी खाडीच्या तोंडाशी बराच काळ रेंगाळतं आणि लाटही बसलेली नसते. ऑक्टोबरपासून पाणी निवळतं, तारलीचे थवे वर येतात, पाखरं खाली झेपावू लागतात आणि त्या थव्यांमागे सुरमई, बराकुडा, ट्रेव्हली हे मोठे शिकारी मासे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आमचा खरा हंगाम. पहाटे जमिनीकडून मतलई वारा, समुद्र सपाट, आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटायच्या आत परत. निवतीच्या समोर वेंगुर्ला रॉक्सच्या बाजूला कातळाला घासून प्रवाह वाहतो, तिथे पॉपर फेकला आणि मोठी ट्रेव्हली वर आली तर पाणी अक्षरशः फुटतं. उधाणात तिथला ओढ फार असतो, जिग तळाला टिकत नाही. तळाशी खडकांत राहणाऱ्या गोब्र्यासाठी भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीचे, दिवस बरे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा वायव्येचा वारा जोर धरतो, तेव्हा आम्ही बहुतेक खाडीतच असतो.

मासा सोडण्याचा नियम केला तेव्हा गावात बरीच चर्चा झाली. पकडलेला मासा परत पाण्यात, हे आमच्या लोकांना पटणं कठीणच. माझं उत्तर सरळ आहे. चोणक आधी नर असतो आणि वय वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे सर्वांत मोठा चोणक बहुधा अंड्यांची मादी असते. गोब्र्याचं उलट, थोराड झालेला बहुधा नर. मोठे मासे निवडून काढले तर पुढची पिढी कुठून येणार? म्हणून तीन टोकांच्या तिकाट्या गऱ्या (गळाचे आकडे) काढून एकेरी गऱ्या लावतो, गरीच्या टोकाचा उलटा काटा चेपतो, मासा ओल्या हातांनी धरतो. खोल पाण्यातून वेगाने वर आणलेल्या गोब्र्याचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगतो, तो सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. त्यामुळे सोडायचंच असेल तर फार खोलात जिग टाकत नाही. जेवणासाठी एखादी सुरमई ठेवतो, तीही कोवळी नव्हे. मालवणच्या समुद्री अभयारण्याला 1987 पासून संरक्षण आहे. त्याच्या गाभ्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, आमचा गळ पडत नाही.

2020 साली टाळेबंदीत होडी महिनोन्‌महिने माडाखाली राहिली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, शेडचे पत्रे उडाले, इंजिनावर माड पडला. तेव्हा नेहमीच्या काही पाहुण्यांनी पुढच्या हंगामाचे पैसे आधीच पाठवले. त्या पैशांतून इंजिन दुरुस्त झालं. ते मी कधी विसरणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि मुंबईचे पाहुणे अधिक सहज येऊ लागले.

आता पुतण्या दुसरी होडी चालवतो. शनिवार-रविवारच हवा असा आग्रह अनेकांचा असतो, पण वारा वाईट असेल तर आम्ही तारीख बदलतो किंवा आगाऊ पैसे परत करतो. पैसे घेऊन माणसाला उलट्या करायला समुद्रात नेणं मला जमत नाही. यंदाच्या ऑक्टोबरच्या तारखा गणपती झाल्यावर देऊ. फोन करताना किती जण आहात, याआधी रॉड धरला आहे का आणि होडीत मळमळतं का, एवढं सांगा. दिवस कोणता ते आम्ही पाणी बघून कळवू.